उपासाची खिचडी आणि पोटोसीची चांदी

प्रश्न : वास्को द गामा येण्याआधीही कालिकत, चौल, खंबायत या बंदरांतून दूरदूरचा व्यापार चालत होताच. मग जागतिकीकरणाचं श्रेय युरोपला का?

श्रेय हा शब्द मीही वापरणार नाही. १४९८ मध्ये गामाने कालिकतच्या राजासाठी, म्हणजे सामुतिरीसाठी, काढलेला नजराणाच पाहा : पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाचे १२ तुकडे, काही लाल टोप्या, सहा हॅट, पोवळ्यांच्या चार माळा, हात धुवायची भांडी, साखर, तेल आणि मध. दरबारी हसलेच. मक्केहून येणारा गरिबातला गरीब व्यापारीही यापेक्षा जास्त देतो, असं त्यांनी तोंडावर सुनावलं.

नवं घडलं ते वेगळंच. एक तर तोवर बाकीच्या जगापासून तुटलेली अमेरिका या व्यवहारात ओढली गेली. दुसरं म्हणजे समुद्रावर तोफेच्या धाकाने परवाना आला. पोर्तुगिजांचा ‘कार्ताझ’ नसेल तर जहाज जप्त. अकबराची आत्या गुलबदन बेगम हजला निघाली, तीसुद्धा या परवान्याच्या घोळात सुरतेला बरेच महिने अडकून पडली.

प्रश्न : युरोपकडे विकण्याजोगं काही नव्हतं, तर मसाले, रेशीम, कापड घेतलं कशाच्या बदल्यात?

चांदीच्या. आणि ती त्यांची नव्हती.

आजच्या बोलिव्हियात, सुमारे ४,००० मीटर उंचीवर पोटोसीचा डोंगर आहे. तिथली चांदी १५४५ मध्ये स्पॅनिश लोकांना सापडली. मजूर मिळेनात, तेव्हा १५७० च्या दशकात स्पेनच्या राजाचा तिथला कारभारी, व्हाइसरॉय तोलेदो, याने स्पॅनिशांआधी तिथे राज्य करणाऱ्या इंकांच्या काळची वेठ नव्याने बसवली. तिचं नाव ‘मीता’. ठरवून दिलेल्या प्रांतांतल्या पुरुषांपैकी सातवा हिस्सा पाळीपाळीने खाणीत. दळलेल्या खनिजात मीठ आणि पारा घालून तो चिखल तुडवायचा. पारा चांदीला धरतो. मग तापवून पारा उडवला की चांदी उरते. उडालेला पारा मजुराच्या छातीत जायचा.

या चांदीला सर्वांत मोठं गिऱ्हाईक होतं चीन. तिथे सरकार करच चांदीत मागू लागलं होतं. सोन्याच्या एका तोळ्याला चीनमध्ये सहा-सात तोळे चांदी पुरे, युरोपात बाराच्या आसपास लागे. म्हणजे नुसती चांदी तिकडे पोचवली तरी फायदा. १५७१ मध्ये स्पेनने मनिला वसवलं आणि मेक्सिकोच्या आकापुल्कोहून चांदीने भरलेली गलबतं थेट पॅसिफिक ओलांडून तिथे येऊ लागली. ती रेशीम आणि चिनी मातीची भांडी घेऊन परतत. हे १८१५ पर्यंत चाललं. माझ्या मते जगाची प्रदक्षिणा पुरी झाली ती इथे. कोलंबसाचं नाव उगाच मोठं. हीच चांदी फिरत फिरत सुरतेलाही यायची आणि टांकसाळीत वितळून मोगलांचा रुपया व्हायची.

प्रश्न : आमची आजी म्हणते, उपासाचे पदार्थ म्हणजे आपलं सर्वांत जुनं अन्न. खरं का?

आजींना हे वाचून दाखवू नका. साबुदाण्याची खिचडी घ्या. शेंगदाणा, बटाटा आणि हिरवी मिरची तिन्ही अमेरिकेतली. साबुदाणा पूर्वी आग्नेय आशियातल्या एका ताडाच्या गाभ्यापासून करत. हल्लीचा कसाव्याच्या कंदाचा, आणि तो कंदही ब्राझीलकडचाच. उरलं तूप, जिरं आणि मीठ. बटाटा नावासकट पोर्तुगिजांकडून आला. मिरचीला मात्र आपण आपल्या मिरीचं नाव चिकटवलं. तिखट ते मिरीसारखं, एवढा साधा हिशेब.

प्रश्न : आफ्रिकेतल्या गुलामांच्या व्यापाराशी आपल्याकडचा काही संबंध होता का?

होता. अटलांटिकपार नेण्यासाठी सुमारे सव्वा कोटी माणसं जहाजांवर चढवली गेली; वाटेतच १८ लाखांच्या आसपास मेली. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर ही माणसं विकत घेताना युरोपीय व्यापारी जो माल मोजत, त्यात गुजरात आणि कोरोमंडलचं सुती कापड भरपूर असे. तिकडच्या गिऱ्हाइकाला रंग आणि पट्टे ठरावीकच लागत, आणि इथले विणकर ते मागणीप्रमाणे विणून देत.

दुसरा माल कवड्यांचा. मालदीवच्या समुद्रातल्या कवड्या आधी युरोपला जात आणि तिथून आफ्रिकेला. तिथे त्या नाणं म्हणून चालत. आपल्याकडे भवानीच्या आराध्यांच्या गळ्यात माळ असते ना, तशाच कवड्या. एका माणसासाठी त्या हजारोंनी मोजून द्याव्या लागत.