वेळापत्रकाचे वेड : आवरावे की जोपासावे?

प्रश्न : माझा नऊ वर्षांचा मुलगा स्वमग्न आहे. आम्ही नाशिकरोडला राहतो. गेली दोन वर्षे त्याला रेल्वेगाड्यांखेरीज दुसरे काही सुचत नाही. गाड्यांचे क्रमांक, स्थानके, सुटण्याच्या वेळा सारे तोंडपाठ, आणि घरी येईल त्याला तो तेच ऐकवतो. सासूबाई म्हणतात, फाजील लाड बंद करा. वर्गशिक्षिका म्हणतात, वेळापत्रकाचे पुस्तक काढून घ्या, म्हणजे अभ्यासाकडे वळेल. मी काय करावे?

उत्तर : पुस्तक काढून घेऊ नका. एकाच विषयात खोलवर रमणे हा ऑटिझमचा, म्हणजे स्वमग्नतेचा, भाग आहे. 'डीएसएम-५' या २०१३ सालच्या निदान-नियमावलीत त्याची नोंद लक्षणांमध्ये असल्यामुळे पालकांना ती मोडून काढायला हवी अशी सवय वाटते. पण मोठी झालेली स्वमग्न माणसे स्वतःविषयी सांगतात, तेव्हा याच आवडीने आपल्याला आधार दिला, असे त्यांच्या बोलण्यात वारंवार येते. वर्गातला गोंगाट, ऐन वेळी बदललेले बेत, समोरच्याच्या चेहऱ्यावरचे न उलगडणारे भाव यांनी दिवसभर शिणलेल्या मुलाला ठरल्या क्रमाने येणारी स्थानके विसावा देतात. तो विसावा हिरावला, तर मूल अभ्यासाकडे वळण्याऐवजी बिथरण्याचीच शक्यता अधिक.

'अभ्यास केलास तरच पुस्तक मिळेल' हा मधला मार्गही मला पसंत नाही, कारण त्यामुळे त्याची सर्वांत जिव्हाळ्याची गोष्ट कायम ओलीस राहते. दिवसातला काही वेळ तरी ती त्याला विनाअट मिळावी.

त्याऐवजी तुम्हीच त्या विषयात शिरा. त्याच्याशेजारी बसून वेळापत्रक उघडा. १८:४५ म्हणजे पावणेसात, १९:१५ म्हणजे सव्वासात, हे त्याला पाठ्यपुस्तकापेक्षा इथे लवकर उमगेल. पाठ म्हणण्याकडून 'का' या प्रश्नाकडे जाण्याची वाटही इथूनच जाते : कसाऱ्याला गाडीच्या मागे जादा इंजिने का जोडतात? थळ घाटात ३७ मीटर पुढे गेले की रूळ एक मीटर वर चढतो, हे कागदावर आखून दाखवा आणि उत्तर त्यालाच शोधू द्या. मात्र प्रत्येक गप्पेचा धडा करू नका. मुलांना असा डाव चटकन कळतो आणि मग ती आपली आवड लपवू लागतात.

मर्यादा घालाव्याच लागतील, पण त्या त्याला समजतील अशा हव्यात. दिवसाच्या चित्र-वेळापत्रकात 'रेल्वेच्या गप्पा' असा ठरावीक वेळ लिहा. 'पाच मिनिटांत बंद कर' यापेक्षा 'मनमाड आले की थांबायचे' हे त्याला सहज पटेल. पाहुण्यांना एका गाडीची माहिती सांगून झाली की 'तुमच्या गावाजवळ कोणते स्टेशन आहे?' असे विचारायचे, याचा घरीच सराव करून घ्या. समोरच्याला बोलू देणे यातूनच अंगवळणी पडते. सासूबाईंनाही माहेरी जायची गाडी त्याच्याकडूनच शोधून घ्यायला सांगा. फलाटावर पिवळ्या रेषेच्या आत राहण्याबाबत मात्र कसलीही सवलत नको, आणि तिथे त्याला क्षणभरही एकटे सोडू नका.

या नादापायी जेवणझोप सुटत असेल, किंवा पुस्तक हाती असताना आनंदाऐवजी धास्ती दिसत असेल, तर बालविकासतज्ज्ञांना जरूर दाखवा. ती आवड नसून आतली चिंता असू शकते.

वर्गशिक्षिकांना भेटून गणिताची काही उदाहरणे गाड्यांवरची द्यावीत आणि मधल्या सुट्टीत पुस्तक त्याच्याजवळ राहू द्यावे, एवढीच विनंती करा. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये ऑटिझमचा समावेश आहे आणि अनुदानित व मान्यताप्राप्त शाळांनी मुलाच्या गरजेनुसार वाजवी सोयी कराव्यात, अशी त्यात तरतूद आहे. तेव्हा ही विनंती लेखी द्यायला संकोच करू नका.