तिच्या हातात पिस्तूल देऊ नकोस

प्रिय मित्रा,

तुझ्या कादंबरीची पाचही प्रकरणं वाचली. साताऱ्याची तरुण मुलगी १९८३ साली पूर्व बर्लिनच्या हुम्बोल्ट विद्यापीठात हिंदी शिकवायला जाते, ही कल्पना मला फार आवडली. म्हणूनच तिसरं प्रकरण वाचून वाईट वाटलं. तिथे ती छपरांवरून पळते, पिस्तूल हिसकावून घेते, आणि त्या क्षणापासून ती शिक्षिका उरतच नाही. ते प्रकरण काढून टाक.

स्टासीची, म्हणजे पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांची, खरी ताकद कागदात होती. १९८९ मध्ये त्यांच्याकडे सुमारे ९१ हजार पगारी माणसं होती आणि शिवाय दीड लाखाहून जास्त खबरे. देशाची लोकसंख्या जेमतेम एक कोटी साठ लाख! खबऱ्या म्हणजे शेजारी, सहकारी, कधी घरातलंच माणूस. पत्रं गुपचूप उघडून पुन्हा चिकटवायला वेगळा विभाग होता. निनावी पत्रक कुणी टंकलं हे हुडकायला टाइपरायटरच्या अक्षरांचे नमुने ठेवलेले असत. संशयितांच्या वासाची फडकीसुद्धा काचेच्या बरण्यांत बंद करून ठेवत. अशा शहरात तुला पाठलाग कशाला हवा?

तिला तिच्या कामातूनच अडकव. कोण गैरहजर राहतो, कुणाच्या निबंधात घरातलं काय येतं, तास संपल्यावर कोण घुटमळतो, हे शिक्षिकेला आपसूक कळतं आणि स्टासीला नेमकं तेच हवं असतं. त्यांचा पहिला माणूस सभ्य असू दे. राहण्याच्या परवान्याची मुदत वाढवून द्यायला तो मदत करेल, साताऱ्याची चौकशी करेल. मग सहज विचारेल, "तो उंच मुलगा हल्ली वर्गात दिसत नाही?" ती सांगून टाकेल, कारण सांगण्यात काही वावगं आहे असं तिला वाटणारच नाही. हा प्रसंग चांगला सहा पानं चालू दे.

पुढची भेट कुणाच्या तरी राहत्या घरात होऊ दे. अशा भेटींसाठी स्टासी सामान्य नागरिकांची घरं वापरत असे. घरमालकीण कॉफी ठेवून बाहेर जाईल आणि मग कोरा कागद पुढे येईल. सहकार्याची हमी बहुतेक वेळा ज्याच्या त्याच्या हस्ताक्षरात लिहून घेत, टोपणनावही त्यालाच निवडू देत. ती कुठलं नाव निवडते? आजीचं, की एखाद्या विद्यार्थिनीचं? हे ठरवल्याशिवाय पुढे लिहू नकोस.

आणि धोका कुणाला आहे, हे मनाशी पक्कं कर. तिच्याजवळ भारतीय पासपोर्ट आहे, ती परत येऊ शकते. त्या मुलाला दार बंद आहे. देश सोडून पळण्याचा प्रयत्न हा तिथे गुन्हा होता, आणि त्याच्या मनात तेच चाललंय हे फक्त तिला ठाऊक आहे. रहस्यकथेला लागणारा सगळा ताण इथेच आहे. सीमेवरचे पहारेकरी, कुत्री, सर्चलाइट हे चार ओळींत उरकलंस तरी चालेल.

जानेवारी १९९२ पासून लोकांना आपापल्या फायली वाचता येऊ लागल्या. तेव्हा तिने दिलेला प्रत्येक अहवाल कधीतरी तो मुलगा वाचणार आहे, हे धरून ते अहवाल आत्ताच लिहून काढ. कादंबरीत घेतले नाहीस तरी लिही. कोरड्या सरकारी भाषेत, तारखेसकट. ते अहवाल आणि नवं तिसरं प्रकरण दिवाळीआधी पाठव. मी वाट पाहतोय.

सस्नेह,
तुझा सर