पिवळी घरनोंदवही आणि फ्रा प्रदेंगचे दोन काठ

आपण लिहिले आहे की कंपनीने आपली बदली बँकॉकमधून शेजारच्या समुत प्राकान प्रांतातील सामरोंगला केली, घरमालकीण पिवळ्या घरनोंदवहीसाठी (परदेशी रहिवाशाचे नाव पत्त्यावर नोंदवणारी सरकारी वही) संमती द्यायला तयार आहे, आणि तरीही एक कार्यालय दुसऱ्याकडे व दुसरे पुन्हा पहिल्याकडे बोट दाखवते. हा घोळ माझ्या चांगल्याच परिचयाचा आहे. पासपोर्टचे प्रमाणित थाई भाषांतर, मालकिणीची निळी नोंदवही (थाई रहिवाशांची घरनोंदवही), साक्षीदार ही तयारी आपण केलेली असणारच, म्हणून तिच्यात शिरत नाही. माझा सर्वाधिक वेळ जेथे वाया गेला, तेवढ्याविषयीच लिहितो.

पत्त्यावर ‘आम्फो फ्रा प्रदेंग’ असे वाचले की आपल्याकडच्या तालुक्याची आठवण होते आणि माणूस थेट आम्फोच्या कचेरीत जातो. परंतु हा आम्फो चाओ फ्राया नदीच्या दोन्ही काठांवर पसरलेला आहे. त्याचे 15 ताम्बोन, म्हणजे उपविभाग, आहेत आणि त्यांचा कारभार एका छताखाली चालत नाही. जुने गाव, म्हणजे तलात हा ताम्बोन, पश्चिम काठावर असून त्याची फ्रा प्रदेंग नावाची स्वतंत्र नगरपालिका आहे. त्याच काठावरचे बांग फुएंग, बांग चाक आणि बांग ख्रू हे तीन ताम्बोन लाट लुआंग नगरपालिकेत येतात. पूर्व काठावरचा कारखान्यांचा पट्टा, म्हणजे आपले सामरोंग, सामरोंग क्लांग, सामरोंग ताय आणि शेजारचे दोन ताम्बोन, पू चाओ सामिंग फ्राय नगरपालिकेकडे आहे. उरलेले सहा ताम्बोन नदीच्या बांग काचाओ या हिरव्या वळणात असून तेथे ग्रामीण स्थानिक संस्था आहेत. नगरपालिकेच्या हद्दीतील घरांची नोंद नगरपालिकेच्या नोंदणी विभागात होते आणि हद्दीबाहेरच्या घरांची आम्फोच्या कचेरीत, एवढा एकच नियम कोणी पहिल्या दिवशी सांगितला असता तर माझे पुढचे सारे हेलपाटे वाचले असते.

त्यात सामरोंगची आणखी एक मेख आहे. सामरोंग नुआ हा ताम्बोन नावाने भावंड वाटत असला तरी तो फ्रा प्रदेंगमध्ये नाही, मुआंग समुत प्राकान या आम्फोत आहे, आणि सामरोंगचे बीटीएस (उन्नत रेल्वे) स्थानक त्याच बाजूला येते. ‘स्थानकाजवळ राहतो’ असे सांगितले की खिडकीवरचा माणूस आपल्याला भलत्याच आम्फोत ढकलू शकतो. पिन कोड पाहावा: फ्रा प्रदेंगचा 10130 आहे, सामरोंग नुआचा 10270.

हे असे विस्कटलेले का आहे, याचे उत्तर इतिहासात सापडते. थायलंडचा राजा दुसरा राम याच्या कारकिर्दीत, 1815 च्या सुमारास, समुद्राकडून येणाऱ्या शत्रूला राजधानीच्या अलीकडेच अडवण्यासाठी येथे नाखोन खुआन खान हे तटबंदीचे नगर वसवले गेले आणि पथुम थानीकडील मोन या वांशिक समाजाच्या लोकांना तेथे आणून स्थायिक करण्यात आले. नदी अडवायची म्हणजे किल्ले दोन्ही काठांवर हवेत, म्हणून नगराचा पसारा आरंभापासूनच दोन्हीकडे राहिला. पू चाओ सामिंग फ्राय हे नावही पूर्व काठावरच्या किल्ल्याचेच आहे. सहाव्या रामाच्या काळात या प्रांताला फ्रा प्रदेंग हे नाव मिळाले, पुढे 1932 मध्ये प्रांतच रद्द होऊन तो समुत प्राकानचा आम्फो झाला. खुद्द समुत प्राकान 1943 मध्ये राजधानीच्या प्रांतात विलीन झाले आणि 1946 मध्ये पुन्हा वेगळे निघाले. बांग काचाओच्या काठावरून समोर बँकॉकचे ख्लोंग तोई बंदर दिसते, पण प्रांत वेगळा असल्यामुळे बांग काचाओच्या रहिवाशाच्या व्हिसाचे काम बँकॉकच्या कार्यालयात होत नाही, हेही याच जुन्या सीमांमुळे.

आता ज्या कार्यालयाने मला हेलपाटे घालायला लावले, त्याविषयी. त्याचे नाव घेणार नाही, ते कोणत्या काठावरचे हेही सांगणार नाही. माझे घर त्यांच्या अखत्यारीत नव्हते, हे निळ्या नोंदवहीच्या पहिल्याच पानावर छापलेले होते. तरीही तेथील बाईंनी दर खेपेला एक नवा कागद मागितला: आधी कंपनीचे पत्र, मग भाड्याचा करार, मग आई-वडिलांच्या नावांचे भाषांतर आणि त्यावर परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का. सगळे जमा झाल्यावर वही उलटून पाहिली गेली आणि ‘हे आमच्याकडे नाही’ असे हसतमुखाने सांगितले गेले. नकाराचा मला राग नाही. जो नकार पहिल्या मिनिटाला देता आला असता तो शेवटी दिला, याचा आहे. तोवर भाषांतरावरचा खर्च तर झालाच, शिवाय दर खेपेला रजा काढून येणारी घरमालकीणही वैतागली होती.

म्हणून माझा आग्रह असा: कोठेही जाण्याआधी मालकिणीकडून निळ्या वहीच्या पहिल्या पानाचे छायाचित्र मागवावे. त्यावर घराचा 11 अंकी क्रमांक असतो, ज्याचे पहिले चार अंक नोंदणी कार्यालयाचे असतात, आणि जवळच त्या कार्यालयाचे नाव लिहिलेले असते. तेथे ‘तेसाबान’ असेल तर नगरपालिका, ‘आम्फो’ असेल तर आम्फोची कचेरी. खिडकीवर पोहोचल्यावर प्रथम त्या ओळीवर बोट ठेवून ‘हे आपल्याकडेच ना?’ एवढेच विचारावे आणि होकार मिळेपर्यंत बाकीची फाइल पिशवीतून काढू नये. आपण सांगितलेला पत्ता खरोखर सामरोंगचा असेल, तर माझ्या अंदाजाने आपल्याला नदी ओलांडण्याचे कारणच नाही.

मी वकील नाही, आणि कोणता कागद लागेल हे अधिकाऱ्यागणिक बदलते, त्यामुळे माझी यादी अंतिम मानू नये. परदेशी माणसाला पिवळी वही सक्तीची नाही. वाहन किंवा परदेशी रहिवाशांना मिळणारे गुलाबी ओळखपत्र नको असेल तर एवढा खटाटोप करावा का, याचाही विचार व्हावा. वास्तव्याची चोवीस तासांची सूचना आणि नव्वद दिवसांचा अहवाल इमिग्रेशनकडे जातात. या वहीने त्यातून सुटका होत नाही, कोणी काहीही सांगो.

जाता जाता दोन गोष्टी. मोन परंपरेमुळे फ्रा प्रदेंगचा सोंगक्रान (थाई नववर्षाचा सण) इतरांपेक्षा सुमारे आठवडाभर उशिरा होतो आणि मिरवणुकीच्या दिवशी जुन्या गावातील रस्ते तुंबतात, तेव्हा पश्चिम काठावरची कामे त्या सुमारास ठेवू नयेत. दुसरे, वडिलांचे नाव मधले नाव म्हणून पासपोर्टवर असेल तर ते थाई लिपीत एकाच पद्धतीने लिहून घ्यावे. आई-वडिलांच्या रकान्यात निराळे स्पेलिंग आले की भाषांतर नव्याने करावे लागते आणि मंत्रालयाचा शिक्काही.