आवड खूप आहे, पण मुलाखत मार्केटिंगची आहे

"मॅडम, या लाइनमध्ये आमचं ओळखीचं कुणी नाही. मुंबईची मुलं फाडफाड इंग्रजी बोलणार. मला कशाला घेतील?" करिअर समुपदेशनात हा प्रश्न नेहमीचाच. या वेळी तो विचारत होती सांगलीची प्राजक्ता (नाव बदललं आहे), उटणं-अगरबत्तीच्या एका छोट्या कंपनीचं मार्केटिंग सांभाळणारी. मुंबईच्या एका बड्या मनोरंजन कंपनीकडून मुलाखतीचा मेल आला आणि हिची झोप उडाली.

ओळखीचा मुद्दा मी लगेच निकालात काढला. ओळख लागते ती बायोडेटा पुढे सरकायला, आणि तो तर सरकलाच होता.

तयारी दांडगी होती. वहीभर मालिका, सिनेमे, कलाकार. जिओसिनेमा आणि हॉटस्टार मात्र वेगवेगळ्या पानांवर. फेब्रुवारी २०२५मध्ये दोन्ही मिळून जिओहॉटस्टार झालं, तेवढं दुरुस्त करायला लावलं. मग लुटुपुटूची मुलाखत सुरू केली.

"आमची कुठली मालिका आवडते?"

बाई बोलत सुटल्या! नायिकेचा अभिनय, शीर्षकगीत, कालचा भाग. मी थांबवून विचारलं, "ही मालिका न बघणारी एखादी ओळखीची बाई सांग. ती का बघत नाही?"

प्राजक्ता गप्प. पेनाचं टोपण काढायचं, घालायचं, परत काढायचं.

बहुतेकांची गाडी इथेच अडते. चाहते कंपनीला फुकट मिळतात, पगार देऊन आणखी एक कशाला ठेवतील? न बघणाऱ्याला उठवून थिएटरपर्यंत आणणारा माणूस त्यांना हवा असतो.

"उटणं कधी खपतं?" मी विषय बदलला.

"दिवाळीआधीचे पंधरा-वीस दिवस. अभ्यंगस्नान झालं की खलास. उरलेला माल दुकानदार परत करतात."

"आणि सिनेमा? शुक्रवारी लागतो. रविवारपर्यंत गर्दी झाली नाही, तर पुढे शो कमी होत जातात."

टोपण थांबलं. मग तासभर आम्ही तिच्या उटण्यावरच बोललो: पाकिटं दुकानात कधी पोहोचवली, पैसे रिक्षावरच्या जाहिरातीत घातले की रीलमध्ये, काय फसलं. हे सगळं खरे आकडे घालून लिहून काढायला सांगितलं.

गाजलेल्या सिनेमाचं उदाहरण विचारतातच. तिने २०२३चा 'बाईपण भारी देवा' निवडला. बायका नटूनथटून घोळक्याने थिएटरात गेल्या होत्या, हे आपण सगळ्यांनी वाचलंय. ही तर आईच्या भिशी ग्रुपबरोबर स्वतः गेली होती! तिकिटं कुणी काढली, साड्या कशा ठरल्या, फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पडल्यावर शेजारच्या बायका कशा निघाल्या, सगळं तोंडपाठ. कंपनीच्या वेबसाइटवर हे सापडत नाही.

इंग्रजी लागतंच, त्यात खोटा दिलासा देत नाही. पण छोटी वाक्यं चालतात, क्षणभर थांबलेलं चालतं, आणि "हे उदाहरण मराठीत सांगू का?" असंही विचारता येतं. मराठी प्रेक्षकांसाठी काम करणाऱ्या टीमला त्याचं वावडं असेल असं वाटत नाही.

पहिली फेरी पार पडली. पुढच्या फेरीसाठी घरी करायचं काम मिळालंय: मुंबई-पुण्याबाहेरच्या गृहिणींपर्यंत एक नवी मालिका कशी पोहोचवाल? परवा तिचा फोन आला.

"मॅडम, बजेट फारच कमी दिलंय. मुद्दाम असेल का?"

"मुद्दामच. उटण्याला किती होतं?"

"याहून कमी," ती हसली आणि कामाला लागायचंय म्हणून फोन ठेवला.