पारसी, फारसी आणि फिर्दौसी

प्रश्न असा आहे : "समाज 'पारसी' आणि भाषा 'फारसी', हे कसं? दोन्ही शब्द मूळचे अरबीच ना?"

नाहीत हो! दक्षिण इराणातला प्रांत पार्स, शिराज शहर तिथलंच. अरबीत 'प' नाही, म्हणून त्याचा 'फार्स' झाला. गुजरातच्या किनाऱ्याला लागलेल्यांनी आपला 'प' जपला. मागे राहिलेल्यांनी अरबी लिपी घेताना प, च, ग वगैरेंसाठी चार जादा अक्षरं घातली, पण स्वतःच्या भाषेचं नाव मात्र अरबांच्या तोंडचंच ठेवलं.

पण मला खरा राग आहे तो 'अरबी-फारसी' या जोडगोळीचा. बातम्यांत 'इराणसारखी अरब राष्ट्रं' ऐकलं की टीव्ही बंद करावासा वाटतो. अरबी ही हिब्रूच्या कुळातली, फारसी आपल्या. 'नमाज' घ्या. कुराणात शब्द आहे 'सलात'. 'नमाज' इस्लामच्या आधीपासून इराणात होता, आणि त्याचं नातं थेट आपल्या 'नमस्'शी. उपवासाला अरबीत 'सौम', 'रोजा' मात्र 'रोज' म्हणजे दिवस यावरून. 'पैगंबर' म्हणजे पैगाम नेणारा. अरबीत त्याला रसूल किंवा नबी. आणि 'फरिश्ता'? जुनं रूप 'फ्रेस्तग', पाठवलेला. प्र आणि इष्, म्हणजे आपला 'प्रेषित'! फक्त इराणात तो देवदूत झाला आणि मराठीत पैगंबर. 'नमाज' परकी म्हणून नाक मुरडणाऱ्या शुद्धिवाद्यांनी हे जरा पचवून दाखवावं.

इस्लामचे हे शब्द इराणात फारसीच का राहिले? माझं मत विचाराल तर यामागे धर्मप्रसाराची रीत आहे. अरबांनी इराण जिंकलं, तिथल्या इस्लामपूर्व सासानी घराण्याचा शेवटचा बादशहा यज्दगर्द 651 साली मारला गेला, पण लोक मुसलमान होत गेले पुढच्या दोन-तीनशे वर्षांत, सावकाश. विद्वानांनी अरबी उचलली. सामान्य माणसाला नवा धर्म जुन्या शब्दांतच सांगावा लागला असणार. गोव्यात ख्रिस्ती धर्मोपदेशक फादर स्टीफन्सनी आपल्या मराठी ख्रिस्तपुराणात स्वर्गाला 'वैकुंठ' म्हटलं, त्यातलाच प्रकार. इजिप्त, सीरिया अरबी बोलू लागले. इराणने धर्म घेतला, बोली सोडली नाही.

इथे कुणीतरी हटकून सांगतो की 1010 च्या सुमारास पुरा झालेल्या 'शाहनाम्या'त, म्हणजे इराणी राजांवरच्या फिर्दौसीच्या फारसी महाकाव्यात, एकही अरबी शब्द नाही. साफ खोटं. कमी आहेत, पण आहेत. आणि गंमत कवीच्या नावातच आहे. 'फिर्दौस' हा स्वर्गवाचक शब्द कुराणात आहे, पण मूळ इराणी : 'पइरि-दएज', चहूकडून भिंत घातलेली बाग. 'पइरि' म्हणजे आपलं 'परि'. 'दएज' आणि 'देह' एकाच धातूचे, माती लिंपून आकार देणं. इराणचा शब्द अरबस्तानात जाऊन 'प' गमावून परतला आणि ज्याला फारसीचा तारणहार म्हणतात त्याच्याच नावात बसला! एवढं समोर असताना शुद्ध फारसीची टिमकी कसली वाजवायची?

तरी 1935 साली इराणच्या रझाशहाने परके शब्द काढायला भाषेची अकादमी काढलीच. नगरपालिकेचं अरबी 'बलदिये' जाऊन 'शहरदारी' आलं, सावरकरांनी आपल्याकडे 'महापौर' आणला तसं. 'किताब' मात्र त्यांना हलवता आलं नाही. आणि ज्या अरबीला हाकलायचं, तिचं पहिलं मोठं व्याकरण आठव्या शतकात लिहिलं कुणी? सीबवैहने. तो इराणीच!