सोलापूरच्या उन्हाळ्यात तीन महिन्यांच्या बाळाला वरचं पाणी पाजावं का?

नको, अजिबात नको. सासूबाई काळजीपोटीच म्हणत असतील, पण पहिले 6 महिने फक्त आईचं दूध, हाच जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे आणि आपल्या रणरणत्या एप्रिल-मेमध्येही तोच लागू होतो. आईच्या दुधात जवळजवळ 87 टक्के पाणीच असतं. वरून चमचा-चमचा पाणी दिलं की इवलंसं पोट भरतं, बाळ कमी ओढतं आणि मग दूधही कमी उतरतं. त्यात आपल्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी. पिंपात साठवलेल्या पाण्यातून जुलाब लागायला वेळ लागत नाही.

बाळ मागेल तेव्हा पाजा, रात्रीसुद्धा. दिवसभरात सहा-सात लंगोट ओले होतायत, लघवी फिकट आहे, म्हणजे पुरतंय. टाळू खोल गेली, बाळ मलूल पडलं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आणि घरात कुणीतरी बाळंतिणीची तहानही विचारा हो! पाजायला बसताना तिच्या हाताशी पाण्याचा तांब्या हवाच. घरी विड्या वळत असाल तर पाजण्याआधी साबणाने हात धुवा, तंबाखूची धूळ बसलेली साडी बदला.