बी.एस्सी.वाल्याला टायट्रेशनशिवाय काय येतं?

प्रश्न थोडक्यात असा: "नागपुरात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. प्लेसमेंट सेलच्या फॉर्मवर 'ट्रान्सफरेबल स्किल्स' असा रकाना आहे. मला टायट्रेशनशिवाय काही येत नाही. एक ग्रुप प्रोजेक्ट केला, तलावाच्या पाण्यातला डीओ, म्हणजे विरघळलेला ऑक्सिजन, आठ आठवडे मोजला. त्यातही एका आठवड्याचं रीडिंग गंडलं, बाकी सगळी पाच-सहाच्या आसपास आणि ते एकदम ११.२. सर म्हणतात काढून टाक. रकान्यात काय लिहू?"

वयानं लहान असशील असं धरून 'तू' म्हणते, राग मानू नको.

ट्रान्सफरेबल स्किल्स म्हणजे एका कामात शिकलेली आणि दुसऱ्या कामातही चालणारी कौशल्यं. ह्यांना कुठंतरी 'हस्तांतरणीय कौशल्ये' लिहिलेलं वाचलं होतं. मला तर तलाठ्याकडे जाऊन सातबाऱ्यावर फेरफार करून घ्यायचाय असंच वाटलं. शब्द सोडून देऊ. 'टायट्रेशनशिवाय काही येत नाही' हे तुझं वाक्य मात्र सोडत नाही. टायट्रेशन म्हणजे ब्युरेटच्या, खुणा असलेल्या नळीच्या, तोटीतून द्रावण थेंब थेंब सोडायचं, रंग बदलला की थांबायचं आणि किती लागलं ते वाचायचं. ते तरी येतं का, ते आधी बघ. मी २०१२ साली ह्याच गावातून बी.एस्सी. झाले, केमिस्ट्रीत बरे मार्क होते, आणि मला टायट्रेशन येत नव्हतं. हे कळलं पहिल्या नोकरीत.

कॉलेजात सीबीआर काढायचो आम्ही, कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग. तीन वेळा करायचं आणि तीनदा सारखं आलं पाहिजे. माझ्या जर्नलात पानापानावर ९.८, ९.८, ९.८ आहे. त्यातलं पहिलं खरं, दुसरं अर्धवट आणि तिसरं मनातलं. शेजारच्या टेबलावर 'तुझं किती आलं गं' म्हणून विचारायचं आणि आपलं तिथं बसवायचं. आख्खी बॅच हेच करायची. खालच्या कोपऱ्यात लाल शाईत सही झाली की विषय संपला.

पहिली नोकरी लागली पाणी तपासणाऱ्या एका खाजगी लॅबमध्ये. मे महिना होता. नागपूरचा मे तुला सांगायला नको. एका गावच्या बोअरच्या पाण्याचा हार्डनेस, म्हणजे जडपणा, काढायचा होता. पन्नास मिली पाणी, त्यात पीएच दहाला धरून ठेवणारा अमोनियाचा बफर, चिमूटभर एरिओक्रोम ब्लॅक टी हा रंग दाखवणारा पदार्थ, की फ्लास्कमध्ये गडद लाल रंग येतो. वरून ईडीटीए थेंब थेंब सोडायचं. लालाचा जांभळा होतो, जांभळ्याचा निळा, आणि लालीचा शेवटचा अंश गेला की तिथं थांबायचं, तो एंड पॉइंट. ईडीटीए ०.०१ मोलर असेल तर ब्युरेटचा आकडा गुणिले वीस, आला हार्डनेस मिलीग्रॅम प्रति लिटरमध्ये.

पहिलं आलं १४.२. दुसरं आलं १४.९. शीटवर मी लिहिलं १४.२ आणि १४.२. हात अडखळलासुद्धा नाही, तीन वर्षांची सवय होती.

आमचे सीनियर शीट घेऊन आले आणि माझ्या शेजारी स्टुलावर बसले. "पुन्हा कर. मी पाहून राहिलो."

पुन्हा केलं तर १४.८. आणि रंग निळा व्हायलाच तयार नाही, जांभळ्यातच घुटमळतोय. एंड पॉइंट कुठं मानायचा तेच कळेना. त्यांनी बफरची बाटली उचलली, बूच काढलं आणि हातानं हवा नाकाकडे ओढली. मग मला दिली. वासच नाही! अमोनियाच्या बफरला वास नाही म्हणजे काय, ते तुला कळेल. बूच नीट न लावता बाटली उकाड्यात पडून होती, अमोनिया उडून गेला होता. पीएच दहाच्या खाली घसरला की एंड पॉइंट असाच मळकट होतो.

"दुसरं रीडिंग तुले काहीतरी सांगून राहिलं होतं," ते म्हणाले. "तू त्याचं तोंड दाबलं."

मी वाद घातला. म्हटलं, सर, २८४ काय आणि २९८ काय, दोन्ही २०० च्या वर आणि ६०० च्या आत. पिण्याच्या पाण्याच्या मानकात हार्डनेसच्या ह्याच दोन मर्यादा आहेत, म्हणजे रिपोर्टात शेरा तोच येणार होता. ते काहीच बोलले नाहीत. सकाळपासून मी केलेल्या अकरा बाटल्या आणून माझ्यासमोर ओळीनं ठेवल्या आणि नवा बफर बनवायला घे म्हणाले. त्या दिवशी घरी पोचायला साडेनऊ वाजले. आई दारातच उभी होती, तो वेगळा किस्सा.

आता लॅब सोडून मला बरीच वर्षं झाली. नागपूरशेजारच्या वाडीला एका औषध वितरण कंपनीच्या गोडाऊनमध्ये क्वालिटीचं काम बघते. ब्युरेट नाही, फ्लास्क नाही, खोके आहेत आणि ट्रक आहेत. इन्सुलिन, लसी वगैरे माल २ ते ८ अंशांत ठेवावा लागतो, त्यासाठी कोल्ड रूम आणि फ्रीज, आणि प्रत्येकाच्या दाराला तापमानाचं रजिस्टर. सकाळ-संध्याकाळ आकडा बघून लिहायचा.

मध्यंतरी एक रजिस्टर हातात आलं. सकाळ ५, संध्याकाळ ५. दुसऱ्या दिवशी ५ आणि ५. असे बारा दिवस, एकाच पेनानं, एकाच वळणात. तापमान मर्यादेच्या आत असल्यामुळे कुणाचीच हरकत नव्हती. पण कॉम्प्रेसर चालू-बंद होतो, माल काढायला दार उघडतं, फ्रीजचा आकडा थोडाफार हलतोच. शिवाय त्या बारा दिवसांतल्या एका संध्याकाळी वादळ होऊन आमच्या भागातली लाइट गेली होती, तेही आठवत होतं. रजिस्टर भरणारा पोरगा बी.कॉम. झालेला, कामाला चोख. त्याला विचारलं तर खाली बघून म्हणाला, "मॅडम, शनिवारी एकदम भरून टाकतो." मला राग यायला हवा होता. मला माझं ९.८ दिसत होतं. फ्रीजमधला डेटा लॉगर, म्हणजे तापमान आपोआप नोंदवणारं यंत्र, काढून कॉम्प्युटरला लावला तर वादळाच्या संध्याकाळी पारा चाळीस मिनिटं आठच्या वर होता, ९.६ पर्यंत गेला होता. त्या फ्रीजमधला माल बाजूला काढला, विक्री थांबवली आणि कंपन्यांना मेल करून विचारलं की इतका वेळ इतकं तापमान चालतं का. त्यानंतर त्या पोराशेजारी स्टूल ओढून बसले आणि रजिस्टर कसं भरायचं ते दाखवलं.

तुला हवं असलेलं स्किल हेच आहे. आलेला आकडा आला तसा, आला तेव्हाच लिहायचा, आणि तो फारच गुळगुळीत दिसला तर शंका घ्यायची. औषध कंपन्यांत ह्याला डेटा इंटिग्रिटी म्हणतात आणि त्यावर मोठमोठी ट्रेनिंगं असतात. तुमच्या प्रॅक्टिकलला हे फुकट शिकायला मिळतं, फक्त आपण ते शिकत नाही, उलटं शिकून बाहेर पडतो.

आता तुझा रकाना. अधूनमधून मी नव्या पोरापोरींच्या मुलाखतींना बसते. 'गुड कम्युनिकेशन, टीमवर्क, हार्ड वर्किंग' हे प्रत्येकाच्या फॉर्मवर असतं, डोळा त्यावर थांबतच नाही. तू मात्र डीओ मोजलायस. विंकलर पद्धतीनं, म्हणजे टायट्रेशननं, केला असशील तर मँगनीज सल्फेट आणि अल्कलाइन आयोडाइड तलावाच्या काठावरच बाटलीत घालावं लागतं, नाहीतर लॅबपर्यंत येताना ऑक्सिजन बदलतो. म्हणजे बाटल्या, पिपेट, रसायनं, लेबलं आदल्या दिवशी मोजून पिशवीत भरायची, आणि एखादी वस्तू राहिली तर आख्खी फेरी वाया. ह्या गोष्टी कोण बघायचं? तू बघत असशील तर तेच लिही, साध्या वाक्यात: आठ आठवडे, दर आठवड्याला इतके नमुने, सामानाची यादी मी करायचो, एकही फेरी चुकली नाही. चुकली असेल तर ती का चुकली आणि पुढच्या वेळी काय केलं. बीओडीही, म्हणजे पाण्यातले जिवाणू किती ऑक्सिजन खातात ते, केला असेल तर आणखी बरं. आपल्याकडे त्यासाठी नमुना २७ अंशांना तीन दिवस ठेवतात, त्यामुळे गुरुवारी लावला की रविवारी काढावा लागतो आणि रविवारी लॅबला कुलूप. हे आधी लक्षात घेऊन सोमवारी किंवा शुक्रवारी नमुना आणणारा पोरगा मला गोडाऊनमध्ये लगेच हवाय. ट्रकांचं वेळापत्रक ह्याहून वेगळं नसतं.

बी.एस्सी.त जे मिळत नाही तेही सांगते, उगाच गोड बोलण्यात अर्थ नाही. एक्सेल येत नसेल तर ह्याच महिन्यात शीक, कुठला कोर्स लावू नको, स्वतःच्या प्रोजेक्टचे आकडे टाक, सरासरी काढ, ग्राफ काढ. चार ओळींची ऑफिसची मेल लिहायला शीक. आणि अनोळखी माणसाला फोन करायची भीती घालव. आमच्याकडे पहिल्या महिन्यात पोरं सगळ्यात जास्त अडतात ती फोनला.

एम.एस्सी. करू का, हे तू विचारलं नाहीस, पण पुढचा प्रश्न तोच असतो. निरी ही पर्यावरण संशोधन संस्था, कापूस संशोधन संस्था, लिंबूवर्गीय फळांची संस्था, मृदा सर्वेक्षण, सगळं आपल्या गावात आहे. संशोधनातच जायचं असेल तर एम.एस्सी.ला पर्याय नाही. नुसता वेळ काढायचा असेल तर दोन वर्षांनी हाच फॉर्म पुन्हा समोर येईल.

गांधीसागरजवळ ज्यांच्या नावाचं विज्ञान केंद्र आहे ते रामनसाहेब १९१० च्या सुमारास नागपुरात होते, तेही सरकारच्या वित्त खात्यातले अधिकारी म्हणून. फिजिक्समध्ये एम.ए. आणि नोकरी हिशेबाची, ती त्यांनी १९१७ पर्यंत केली. आपण काही रामन नाही, पण तिथून जाताना मला दर वेळी वाटतं की त्यांचे तक्ते तपासणाऱ्या वरच्या साहेबाला चूक सापडणं अवघड गेलं असेल.

आता ते ११.२. काढून टाकायच्या आधी जरा थांब. ३० अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण साडेसात मिलीग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, म्हणून सरांना ते चूक वाटलं असणार. चूक असूही शकते, भरताना बाटलीत हवेचा बुडबुडा राहिला तरी आकडा फुगतो. पण शेवाळ भरपूर असलेल्या तलावात ऊन चढलं की प्रकाशसंश्लेषणानं पाण्यात तेवढ्यापेक्षाही जास्त ऑक्सिजन साठतो, आणि रात्री तो पार खाली जातो. बाकीचे सात आठवडे तुम्ही सकाळी-सकाळी गेला असाल आणि त्या आठवड्यात परीक्षा, पाऊस, गाडी न मिळणं, कशामुळं का होईना, दुपारी गेला असाल, तर ते रीडिंग गंडलेलं नाही. वही काढ आणि बघ, त्या दिवशी नमुना किती वाजता घेतला होता? वेळ लिहिली आहे ना?